नवं गाणं कुणाला ऐकवायचं?

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी वक्ता नाही आणि गायक तर नाहीच. मासाब टँकच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीला लागलो आणि मोजमापं, बिलं, फायली यांतच वीस-बावीस वर्षं गेली. पेटीवर सा कुठला हेही मला सांगता येणार नाही. तरी अध्यक्षांनी "आवडीच्या विषयावर बोला" असं सांगितलं, तेव्हा गाणी हाच विषय डोळ्यांपुढे आला. त्याचं एक कारण असं की या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती याच मंडळात झालेली आहे. ती आज तुमच्यासमोर सांगायची आहे.

विषय आहे नवी गाणी शोधणं आणि ती दुसऱ्याला सुचवणं. आमची मुलं ज्याला 'इंडी' म्हणतात, ती गाणी. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. सिनेमासाठी केलेलं नाही, मोठ्या कंपनीनं मागवलेलं नाही. एखाद्यानं स्वतः लिहिलं, स्वतःच चाल लावली, बहुतेक वेळा स्वतःच गायलं आणि पदरचे पैसे घालून रेकॉर्ड केलं, असं गाणं. नाव ऐकून ज्येष्ठांना वाटेल की हे काहीतरी परकं खूळ आहे. पण शब्द तेवढा नवा आहे. गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर नावाचं गाव आहे. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत आणि कविता लिहीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही या तबकडीचं नाव पुढे येतं. कवीचा 'शीळ' हा संग्रह छापून आला तो १९५४ मध्ये. म्हणजे पुस्तक यायच्या वीसएक वर्षं आधीच मेहकरच्या वकिलांचे शब्द लोकांच्या ओठांवर होते. ना सिनेमा, ना नाटक. एक कवी, एक गायक आणि ऐकून दुसऱ्याला सांगणारी माणसं. आजच्या भाषेत हे इंडी नाही तर काय?

पुढे गजाननराव वाटवे आले. कवितांना स्वतः चाली लावायच्या आणि स्वतः गायच्या. पुण्यात गणेशोत्सवाच्या मांडवात त्यांचं काव्यगायन ऐकायला गर्दी लोटत असे, हे आपल्यातल्या ज्येष्ठांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. लक्षात घ्या, ती गाणी त्या वेळी नवी होती. गणपतीपुढे नवं गाणं म्हणायचं ही आपली जुनी रीत आहे.

आणि गीतरामायण? १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवसापासून पुणे आकाशवाणीवर गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल असं दर आठवड्याला एक नवं गाणं लागू लागलं. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. पुढच्या आठवड्यात कुठला प्रसंग येणार याची घरोघरी वाट पाहिली जाई. आपण गीतरामायणाला आज 'जुनं ते सोनं' म्हणतो. पण आपले आजी-आजोबा रेडिओपुढे बसले होते ते जुनं ऐकायला नव्हे, आज नवं काय लागतंय ते ऐकायला.

इथेच माझा मुद्दा आहे. आजोबांच्या पिढीनं नवं ऐकलं, म्हणून आपल्याला जुनं मिळालं. आपण त्यांचंच नवं पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो, तर आपल्या नातवंडांना जुनं म्हणून काय मिळणार?

माझंच सांगतो. १९९८ साली मी डिप्लोमाला होतो. मावसभाऊ नांदेडहून रात्रीच्या गाडीनं काचीगुड्याला उतरला आणि पिशवीतून चिवड्याच्या पुड्याबरोबर त्यानं एक कॅसेट काढली. 'गारवा'. मिलिंद इंगळे यांचा आवाज आणि सौमित्र यांच्या कविता. सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम. तोवर मराठी गाणं म्हणजे आईच्या रेडिओवरचं गाणं, अशी माझी समजूत होती. ही कॅसेट माझ्या वयाची होती. भाऊ म्हणाला, "पाऊस पडत असताना ऐक, आधी ऐकू नको." पाऊस यायला चार दिवस लागले. चार दिवस मी ती कॅसेट टेबलावर ठेवून नुसती बघत होतो. आज विचार केला तर वाटतं, त्यानं मला गाणं तर दिलंच, पण ते कधी ऐकायचं हेही दिलं. सुचवावं कसं, याचा हा माझा पहिला धडा. पुढे २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची सीडीही मला अशीच कुणीतरी हातात आणून दिली होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांपर्यंत नवं मराठी गाणं दुकानातून फार कमी आलं. ते आलं पाहुण्यांच्या पिशवीतून.

आता पिशवीची गरज राहिलेली नाही. सगळं फोनमध्ये आहे. मग अडतंय कुठं? अडतंय ते असं, की पिशवी गेली आणि पिशवी आणणारा भाऊही गेला. त्याच्या जागी यंत्र आलं. हे यंत्र गाणी कशी सुचवतं, ते थोडक्यात सांगतो. तुम्ही जे ऐकता ते ऐकणारी इतर माणसं आणखी काय काय ऐकतात, याचा ते हिशेब ठेवतं आणि त्यातलं तुमच्यापुढे आणतं. जे आधीच लाखो लोक ऐकतात, त्याचा हिशेब त्याच्याकडे भरपूर असतो. पण नागपूरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या मुलानं परवा टाकलेलं गाणं चाळीस जणांनीच ऐकलेलं असेल, तर ते कुणाला द्यावं हे यंत्राला कळत नाही. त्यात आपल्या हैदराबादच्या घरात एकाच फोनवर सकाळी वेंकटेश्वर सुप्रभातम्, दुपारी तेलुगू सिनेमा आणि रात्री हिंदी गझल. यंत्र बिचारं गोंधळून जातं आणि सगळ्यांना चालेल असं काहीतरी लावून देतं. मराठी त्यात येतच नाही. मग आपण म्हणतो, "मराठीत हल्ली काही नवं होतच नाही."

होतं, मंडळी. नुसती वानगी देतो. 'कोर्ट' हा २०१४ चा चित्रपट पाहिला असेल, तर त्यातल्या शाहिराच्या गाण्यांनी तुम्हाला हलवलं असेल. त्यामागे संभाजी भगत आहेत, आणि सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून ते वस्त्यांमध्ये स्वतःची गाणी गात आले आहेत. मुंबईत 'स्वदेशी' नावाचा तरुणांचा गट आहे. त्यातला मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलातल्या आदिवासींविषयी त्यांनी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. 'अभंग रिपोस्ट' नावाची मुलं गिटार आणि ड्रम घेऊन अभंग गातात. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी'वर देशभरची पोरं नाचली, त्यांतल्या कितीतरी जणांना मराठी येतही नव्हतं. मला ते गाणं पहिल्यांदा आवडलं नाही, हे कबूल करतो. तिसऱ्यांदा माझा पाय हलला. बायकोनं बघितलं, त्यामुळे नाकारता येत नाही.

इथल्या आपल्या तेलुगू बांधवांकडे बघा. अंदेश्री हे शाळा न शिकलेले, गवंडीकाम केलेले कवी होते. त्यांचं तेलंगणावरचं गीत आंदोलनाच्या काळात वर्षानुवर्षं सभांमध्ये, मोर्च्यांमध्ये, तोंडातोंडी फिरत राहिलं. २०२४ मध्ये ते राज्यगीत झालं. आज कार्यालयातल्या समारंभात ते लागलं की मी उभा राहतो आणि दर वेळी मनात येतं, हे गाणं यंत्रानं वर आणलेलं नाही. एकानं दुसऱ्याला ऐकवलं म्हणून ते इथवर आलं.

आता माझी चूक.

सात-आठ वर्षांपूर्वी मी आपल्या सांस्कृतिक समितीत होतो. उत्सवातल्या मुलांच्या कार्यक्रमाची निवड माझ्याकडे होती. आपल्याच एका सभासदांचा मुलगा, सोळा वर्षांचा, गिटार घेऊन आला. म्हणाला, "काका, मी लिहिलेलं गाणं म्हणू का?" मी म्हटलं, म्हण. गाणं होतं आजीचा हात धरून सुलतान बाजारात बांगड्या घ्यायला जाण्याचं. त्यात बडी चावडी होती, बसस्टँड होता आणि भाव करणारी आजी होती. आजी मराठीत सुरू करायची, दुकानदार दखनीत उत्तर द्यायचा आणि शेवटी तीही 'नक्को', 'हौ' म्हणत दखनीत शिरायची. चाल साधी होती. शेवटी आजी नसते आणि तो एकटाच त्या दुकानापुढे उभा असतो.

मला गाणं आवडलं होतं. पण माझ्या डोक्यात समोर बसणारी मंडळी होती. मी म्हटलं, "बाळा, छान आहे, पण ही भाषा जरा शुद्ध नाही. पुण्याहून पाहुणे येणार आहेत, लोक हसतील. तू असं कर, एखादं ओळखीचं म्हण." तो "बरं काका" म्हणाला. उत्सवात त्यानं ओळखीचं गाणं म्हटलं. टाळ्या भरपूर पडल्या. पुढच्या वर्षापासून तो आला नाही. मुलं मोठी होतात, येईनाशी होतात, असं म्हणून मीही विसरलो.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे ऐक." तेलुगू गाणं होतं, एकटा आवाज आणि गिटार. फार सुंदर. मला सवय आहे, आवडलं की गीतकाराचं नाव बघायचं. पूर्वी कॅसेटच्या आतल्या कागदावर बघायचो, आता फोनवर बघतो. नाव वाचलं आणि दोन मिनिटं मी काही बोललोच नाही. तोच मुलगा. आता बंगळुरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी तेलुगूत, इंग्रजीत गाणी करतो.

त्याच्या वडिलांकडून नंबर घेऊन मी फोन केला. आधी कौतुक केलं. मग विचारलं, मराठीत का लिहीत नाहीस? तो अगदी साधेपणानं म्हणाला, "मराठीत लिहून ऐकवायचं कुणाला, काका?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मंडळी, पुण्यात उत्तम गीतकार आहेत, मुंबईत आहेत. पण सुलतान बाजारातल्या त्या आजीचं गाणं पुण्यातला कुणी लिहू शकणार नाही. त्याला ती आजी माहीत नाही आणि आपली ही कोठीतली, दखनीत भिजलेली मराठीही माहीत नाही. ते गाणं लिहू शकणारा एक मुलगा आपल्याकडे होता. त्याला मी 'ओळखीचं म्हण' असं सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. पण भाषेला दर्जा दिल्ली देते, तिच्यात नवं गाणं लिहायचं की नाही, हे सोळा वर्षांचा एखादा मुलगा ठरवतो. आणि तो ठरवतो ते समोरच्या चेहऱ्यांकडे बघून.

म्हणून आता उपाय. मी इंजिनिअरिंगचा माणूस, नुसता खेद करून मला चैन पडत नाही.

आधी शोधायचं कसं ते सांगतो. गायकाच्या नावावर थांबू नका, लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव बघा. आवडलेल्या गाण्याच्या गीतकारानं आणखी काय लिहिलंय, ते शोधा. एका नावावरून दुसरं नाव सापडतं. 'कोर्ट'वरून मी संभाजी भगतांपर्यंत पोचलो, तो असाच. नवं गाणं पहिल्या कडव्यात बंद करू नका. स्पॉटिफायवर निदान तीस सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं धरतच नाहीत. माझा नियम तीनदा ऐकण्याचा आहे. एकदा बसमध्ये, एकदा रात्री, एकदा दुसऱ्या कुणाबरोबर. तिसऱ्यांदाही नाही आवडलं, तर सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. आवडलं तर ते साठवून ठेवा, गायकाला फॉलो करा. यंत्राला मराठी शिकवायची असेल तर ती अशीच शिकवावी लागते. आणि अधूनमधून समोर बसून ऐका. बंजारा हिल्सला 'लामकान' आहे, २०१० पासून चालू आहे. तिथे चहा-समोसा स्वस्त आहे आणि गाणारा हाताच्या अंतरावर बसलेला असतो. भाषा कुठलीही असो, स्वतःचं गाणं म्हणताना माणूस किती घाबरलेला असतो, ते तिथे जवळून दिसतं. मला ते आठ वर्षांपूर्वी दिसलं असतं, तर बरं झालं असतं.

आता सुचवायचं कसं. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर सकाळी दहा-दहा गाणी येऊन पडतात. कुणी उघडत नाही. मीही उघडत नाही. माझा मावसभाऊ आठवा. एक कॅसेट, एक माणूस आणि एक वाक्य. ज्याला द्यायचं त्याच्या आवडीतून रस्ता काढा. काचीगुड्याला आमच्या एक आत्या आहेत, एकादशी चुकवत नाहीत. त्यांना मी रॅप ऐकवत नाही, त्यांना 'अभंग रिपोस्ट' ऐकवलं. पहिल्या मिनिटाला म्हणाल्या, "हा कसला धांगडधिंगा!" दुसऱ्या मिनिटाला टाळी धरली. शेवटी म्हणाल्या, "पोरं भक्तीनं म्हणतायत हो." आठवड्यानं त्यांनीच नातवाला लावायला सांगितलं. आणि उलटंही करा. मुलांनी काही ऐकवलं तर "आमच्या वेळी" असं सुरू करू नका. निदान गाणं संपेपर्यंत तरी नको.

थोडा पैशाचाही हिशेब करू. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. हजार झाल्यावरही फार मिळतं असं नाही. पण शून्य आणि काहीतरी यांत फरक आहे. समजा, दोनशे घरांनी एका मराठी मुलाचं एक गाणं वर्षात पाच वेळा ऐकलं. दोनशे पंचे हजार. झालं. वर्षाला पाच वेळा, म्हणजे दोन-अडीच महिन्यांतून एकदा. एवढं आपल्याला जड नाही. आणि बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणं थेट विकत घेता येतं. तिथे विक्रीतले पंधरा टक्क्यांच्या आसपास कंपनी ठेवते आणि मोठा वाटा गाणाऱ्याला जातो. वर्गणी देऊन गाणं उभं करणं आपल्याला नवीन नाही. कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेवर मराठी अभिमानगीत केलं, चारशेहून अधिक गायक-गायिकांना घेऊन. २०१० च्या मराठी भाषा दिनी ते लोकांपुढे आलं, आणि तेही लोकांच्या वर्गणीतून. आपण तर वर्गणीतले जाणकार आहोत!

शेवटची विनंती कार्यकारिणीला. येत्या उत्सवात एका संध्याकाळी आरतीनंतर फक्त अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात ओळखीचं गाणं म्हणायला बंदी. जे म्हणायचं ते स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं. मग ते सोळा वर्षांच्या मुलाचं असो की सत्तरीच्या काकूंचं. भाषा आपल्या घरात बोलतो ती, 'नक्को' आणि 'हौ'सकट. कदाचित पहिल्या वर्षी तीनच जण येतील. तिघांपैकी एकाचंच बरं असेल. चालेल. आपण फक्त समोर बसायचं, शेवटपर्यंत ऐकायचं आणि झाल्यावर त्याच्याजवळ जाऊन एक वाक्य बोलायचं. कुठली ओळ आवडली, एवढंच.

नावं नोंदवायची वही मी आणली आहे. पहिलं नाव मी आधीच विचारून ठेवलं आहे. त्या मुलाला मी फोनवर म्हटलं, ते आजीचं गाणं अजून आठवतं का? तो हसला. म्हणाला, "आठवतं की काका. पण शुद्ध नाही ते." मी म्हटलं, "नसू दे. तसंच म्हण." तो "सुट्टी मिळते का बघतो" म्हणाला आहे. येईल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या नावापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.

आला, तर पुढच्या रांगेत बसायला मी असेनच. तुम्हीही या.

गणपती बाप्पा मोरया!